कंटाळा आला, असे लिहू द्या

मराठी विषय घेऊन बी.ए., एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत हरिभाऊ आपट्यांवरचा प्रश्न आला की एक वाक्य हमखास भेटते. 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी वाचताना वाचक खिळून राहतो, असे ते वाक्य. अक्षर बदलते, गाव बदलते, वाक्य बदलत नाही. यवतमाळ जिल्ह्यात मराठी शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. हे वाक्य गाइडातून आलेले असते, हे मला ठाऊक आहे. ते लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी कादंबरी शेवटपर्यंत वाचलेली असते, हेही ठाऊक आहे. तास संपल्यावर व्हरांड्यात तीच मुले निराळे बोलतात. "सर, लय कंटाया येते ना जी. पुढं काही होतच नाही."

व्हरांड्यातले वाक्य खरे असते, उत्तरपत्रिकेतले खोटे असते आणि गुण आपण खोट्याला देतो. साहित्य शिकायला आलेल्या मुलाला आपण पहिली गोष्ट शिकवतो ती ही की स्वतःला जे वाटले ते लपवावे आणि जे वाटायला हवे असे मोठ्यांनी ठरवले आहे ते उतरवून काढावे. एकदा ही सवय लागली की पुढे किती पुस्तके नेमली आणि किती व्याख्याने दिली तरी तिच्यावर उतारा सापडत नाही. जुन्या, जड, संथ कादंबऱ्या अभ्यासक्रमातून काढून टाका, असे मी म्हणणार नाही. त्या ठेवाव्यात, पूर्ण वाचायला लावाव्यात, कंटाळा येईल हे आधी मोकळेपणाने सांगावे, आणि तो नेमका कुठे आला व का आला हे मांडणाऱ्या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत, असे माझे मागणे आहे.

आधी ही कादंबरी लोकांपुढे आली कशी ते पाहू. हरिभाऊंनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातून क्रमाक्रमाने छापली. ती पूर्ण झाली तेव्हा १८९३ साल उजाडले होते. तिचे पहिले वाचक दोन वर्षांहून अधिक काळ ती वाचत होते. एक हप्ता वाचायचा आणि पुढच्या अंकाची वाट पाहायची. मधल्या दिवसांत घरची कामे, सणवार, आजारपणे चालू राहायची आणि कादंबरीच्या नायिकेची, यमूची, गोष्टही त्यांच्या सोबतीने मनात चालू राहायची. आज आपण तीच कादंबरी एका सेमिस्टरमध्ये, इतर घटकांच्या दाटीत, मोजक्या तासिकांत उरकतो. विद्यार्थी तर ती पेपरच्या आधीच्या दोन-तीन रात्रींत संपवू पाहतो. हप्त्याहप्त्याने लिहिणाऱ्या लेखकाला मागचे पुन्हा सांगावे लागते, पात्रांची ओळख पुन्हा करून द्यावी लागते, एखादा प्रसंग जरा रेंगाळत ठेवावा लागतो. आठवड्याने अंक हाती घेणाऱ्या वाचकाला त्याचा आधार वाटतो. एका बैठकीत शंभर पाने वाचणाऱ्याला तेच पाणी घातल्यासारखे लागते. कंटाळ्याचा एक मोठा भाग असा आपल्या वाचण्याच्या पद्धतीतून येतो, आणि ही गोष्ट विद्यार्थ्याला कुणीच सांगत नाही. त्याला वाटते, आपल्यालाच साहित्य कळत नाही.

आता "पुढं काही होतच नाही" या तक्रारीकडे वळू. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'मध्ये, १८५७ साली, विधवांच्या दुःस्थितीचा विषय आलेला होता. पण तिथे कथा थांबवून लेखक उपदेश करतो. पुढच्या काळात 'मुक्तामाला'सारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्या आल्या. त्यांत घडते पुष्कळ, पण कुणाच्या घरात कधी घडेल असे फारसे काही नाही. हरिभाऊंनी एका सामान्य घरातल्या मुलीला स्वतःच्या तोंडाने स्वतःचे आयुष्य सांगायला लावले. साहजिकच पानांवर आले ते माजघर, स्वयंपाकघर, सासूचे बोलणे, कुणाचा रुसवा, कुणाचा टोमणा. असल्या गोष्टी कादंबरीचा विषय होऊ शकतात, हीच त्या काळातली नवलाई होती.

यमूच्या आयुष्यात 'काही होत नाही', कारण काही घडवून आणण्याची मुभा तिला नाही. तिचा दादा शाळेत जातो, पुरुष बाहेर जातात, येतात, ठरवतात. यमूला नेले तिथे ती जाते. जिथे विद्यार्थी कंटाळतो तिथे यमू अडकलेली असते. नवऱ्याबरोबर, रघुनाथरावांबरोबर, मुंबईला बिऱ्हाड थाटल्यावर कादंबरीची चाल बदलते. वाचन, बोलणे, स्नेहीसोबती, स्वतःच्या हाताने चालवलेला संसार असे सगळे आले की पाने भराभर उलटली जातात. या भागाशी आल्यावर वर्गातही चुळबुळ थांबते. नवऱ्याच्या मृत्यूनंतर यमू त्याच जुन्या घरात परत येते, तेव्हा आधी कंटाळवाणा वाटलेला संथपणा भीतिदायक होतो, कारण आता त्याला शेवट नाही हे आपल्यालाही कळलेले असते. सासरच्या शंकरमामंजींच्या हातून तिच्यावर केशवपनाची सक्ती होते तो प्रसंग अंगावर येतो तो याच तयारीमुळे. केवळ तेवढाच प्रसंग उतारा म्हणून शिकवून पाहावा. मुले हळहळतात आणि पान उलटतात. सगळी कादंबरी सोसून तिथे पोहोचलेला विद्यार्थी मात्र गप्प होतो. "पुढं काही होत नाही" हे वाक्य म्हणूनच टीका म्हणून गाइडातल्या कुठल्याही वाक्याहून मोलाचे आहे. फक्त त्याला पुढचा प्रश्न जोडायचा राहिलेला असतो: कुणाच्या आयुष्यात काही होत नाही, आणि का?

सगळाच कंटाळा असा अर्थपूर्ण असतो, असे मात्र नाही. हरिभाऊ अनेकदा लांबण लावतात. एखादी गोष्ट प्रसंगातून स्पष्ट झाल्यावरही ती बोलून दाखवतात. शंकरमामंजींसारखे पात्र इतके काळेकुट्ट रंगवतात की त्याच्या दुष्टपणाचे नवल वाटेनासे होते. या लेखकाच्या उणिवा आहेत आणि त्या उणिवा म्हणूनच शिकवल्या पाहिजेत. हरिभाऊंचे मोठेपण त्याने कमी होत नाही. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वऱ्हाडाने ज्यांना दिले, ते हरिभाऊ प्रश्न सहन न होण्याइतके नाजूक नव्हेत. विद्यार्थ्याने मात्र हे ओळखायला शिकले पाहिजे की इथे मला कंटाळा आला तो मी घाईने वाचले म्हणून, इथे यमूचे आयुष्यच कोंडलेले आहे म्हणून, आणि इथे लेखकाचा हात जड झाला म्हणून. साहित्याच्या विद्यार्थ्याला शिकवण्यासारखी याहून मोठी गोष्ट मला दिसत नाही. ती शिकायची तर पुस्तक वाचल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण गाइडात कंटाळा छापलेला नसतो.

आणखी एक कंटाळा आहे, आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात त्याचा विचार टाळता येत नाही. तो अंतराचा आहे. झरी जामणी, मारेगाव, पांढरकवडा, घाटंजी भागातल्या कोलाम आणि गोंड घरांतून येणाऱ्या मुलांची घरची भाषा कोलामी किंवा गोंडी. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी भागातल्या बंजारा तांड्यांवरून येणाऱ्या मुलांच्या घरी गोरमाटी बोलली जाते. बाकीच्यांच्या घरी वऱ्हाडी. छापील मराठी ही यांतल्या बहुतेकांनी शाळेत मिळवलेली भाषा आहे. अशा विद्यार्थ्यापुढे पुण्यातल्या ब्राह्मण घरातले सोवळे-ओवळे, अलवण, सासर-माहेरचे मानापमान येतात, तेव्हा शब्द तर अडतातच. पण कोशातून शब्द कळले तरी घर कळत नाही.

कोलामांच्या पोडावरून किंवा तांड्यावरून आलेली एखादी मुलगी सरळ विचारते, "सर, नवरा मेल्यावर तिनं दुसरं लग्न काहून नाही केलं?" काही शिक्षकांना या प्रश्नात काळाविषयीचे अज्ञान दिसते. मला त्यात ज्ञान दिसते. कोलामांत विधवेच्या पुनर्विवाहाला मनाई नव्हती. बंजारा समाजात त्याची रीत होती. शेती करणाऱ्या अनेक जातींत पाट लागत असे. पुनर्विवाहाला मुभा देणारा इंग्रजी अमलातला कायदा १८५६ सालचा आहे; तो यमूसारख्या मुलींच्या फारसा कामी आला नाही. तो ज्यांना आवश्यक होता त्यांच्यात रूढीने त्याला अडवून धरले आणि ज्यांच्यात पाट होताच त्यांना त्याची गरज नव्हती. ज्या कादंबरीला आपण 'तत्कालीन मराठी समाजाचे चित्र' म्हणून शिकवतो ते मराठी समाजाच्या एका लहान भागाचे चित्र आहे, एवढे त्या मुलीने एका प्रश्नात सांगून टाकलेले असते. तिला "तेव्हा तसंच होतं" असे उत्तर देऊन खाली बसवणे हा अन्याय आहे. तिच्या आजी-पणजीच्या घरी तसे नव्हते.

हा प्रश्न विचारणारी ती पहिली नाही. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरत होती. तिला बोलावणे आले तेव्हा जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून जायला नकार दिला. शूद्र-अतिशूद्रांची दुःखे ज्यांच्या लिखाणात येत नाहीत त्यांच्या सभेशी आमचे जुळणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. त्याच साली हरिभाऊंची पहिली सामाजिक कादंबरी 'मधली स्थिती' प्रसिद्धीला येऊ लागली. मराठी सामाजिक कादंबरी आणि तिच्या मर्यादेची जाणीव दोन्ही एकाच काळात उभ्या राहिल्या, हे विद्यार्थ्याला सांगितले तर त्याचा अंतराचा कंटाळा एकदम विचाराच्या पातळीवर येतो. त्याच्या लक्षात येते की आपण जे मनात धरून अवघडलो होतो ते बोलण्याची परंपरा आहे आणि ती आदराची परंपरा आहे.

याला जोडून एक वऱ्हाडातलेच पुस्तक वाचायला द्यावे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ सालचे, 'पण लक्षात कोण घेतो'च्या आठ वर्षे आधीचे आहे. एक तरुण पुरुष विधवेच्या तोंडून बोलतो आहे आणि त्याच्याही आधी एक बाई आपल्याच तोंडाने, कुणाची भीड न धरता, पुरुषांना जाब विचारते आहे. यमू सोसते आणि सांगते, ताराबाई भांडतात. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की हरिभाऊंच्या सहानुभूतीची खोलीही कळते आणि तिची सीमाही. ताराबाई आपल्याला आणखी एका सोप्या निष्कर्षापासून वाचवतात. विधवांवरची बंधने ब्राह्मणांपुरती राहिली नव्हती. प्रतिष्ठेच्या ओढीने ती मराठ्यांसारख्या इतर जातींच्या कुलीन घरांतही शिरत होती, हे त्यांनी बजावून सांगितले आहे. त्यामुळे 'हा त्यांचा प्रश्न, आपला नव्हे' असे म्हणून पुस्तक मिटण्याची सोय उरत नाही.

यावर काही सहकारी म्हणतात, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? जुने काढा, जवळचे लावा. उद्धव शेळक्यांची १९६० सालची 'धग' घ्या, तिची नायिका कौतिक हिच्या तोंडी आपल्याच भागाची बोली आहे. पुरुषोत्तम बोरकरांची 'मेड इन इंडिया' घ्या, सदानंद देशमुखांची 'बारोमास' घ्या. ही पुस्तके अवश्य लावावीत. वऱ्हाडातल्या मुलाला आपली बोली छापील पानावर भेटणे हा त्याचा हक्क आहे. पण जवळचे म्हणजे रंजक, हे समीकरण वर्गात टिकत नाही. 'धग'मधली दारिद्र्याची आणि रोगाची न संपणारी मालिका अनेकांना जड जाते. कापसाच्या घरातला मुलगा 'बारोमास' वाचताना म्हणतो, "घरी हेच पाहतो सर, पुस्तकात पुन्हा काहून पाहू?" ओळखीच्या दुःखाचाही कंटाळा येतो, आणि कधी तो अनोळखी सोवळ्याहून जास्त असतो. पुस्तक बदलून कंटाळा टळत नाही. कुठलेही कसदार पुस्तक वाचताना तो येणारच; त्याचे काय करायचे हे शिकवावे लागते.

उलट बाजूने दुसरी तक्रार ऐकू येते. मोबाइलने मुलांचा धीर संपवला, त्यांना कुठलेच जाड पुस्तक झेपत नाही, असे ज्येष्ठ मंडळी म्हणतात. मला हे पटत नाही. याच मुलांच्या घरी दूरचित्रवाणीच्या मालिका वर्षानुवर्षे रोज रात्री पाहिल्या जातात, ज्यांत एका प्रसंगाला आठवडा लागतो. धीर आहे. तो पुस्तकाकडे वळत नाही, कारण पुस्तकाभोवती आपण परीक्षेचे कुंपण घातले आहे आणि मालिकेभोवती घरातली चर्चा आहे. 'करमणूक' घराघरांत वाचण्यासाठीच निघाले होते. ती चर्चा पुस्तकाला परत मिळवून देणे हे शिक्षकाचे काम आहे.

धीराविषयी बोलताना एक व्यवहाराची गोष्ट नजरेआड होऊ नये. हिवाळी परीक्षांचे दिवस आणि कापूस वेचणीचे दिवस या जिल्ह्यात एकमेकांवर येतात. वेचणीची मजुरी किलोमागे मिळते. जाड कादंबरीत घालवलेला प्रत्येक दिवस कुणाच्या तरी घरात मजुरीच्या हिशेबात उणा पडतो. सकाळी वेचणी करून, दुपारच्या एसटीने कॉलेज गाठून, संध्याकाळच्या गाडीने गावी परतणाऱ्या मुलीने गाइड घेतले तर तिला आळशी म्हणणे मला जमत नाही. ती तिच्या वेळेची किंमत ओळखते. तिच्याकडून पूर्ण कादंबरी वाचून घ्यायची असेल तर त्या वाचनाचे मोल परीक्षेत दिसले पाहिजे. आज वाचणारी आणि न वाचणारी दोघी सारखेच गुण मिळवतात. बऱ्याचदा न वाचणारी जास्त मिळवते, कारण तिचे उत्तर अपेक्षित मुद्द्यांशी नेमके जुळते.

दानिएल पेनाक या फ्रेंच शिक्षक-लेखकाने १९९२ साली वाचनावर लिहिलेल्या पुस्तकात वाचकाचे हक्क सांगितले आहेत. पाने गाळण्याचा हक्क, पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क हे त्यांतलेच. स्वतःच्या आनंदासाठी वाचणाऱ्याला हे हक्क असलेच पाहिजेत. वर्गात मात्र त्यांच्याबरोबर एक जबाबदारी येते, असे मला वाटते. मी हे पुस्तक या पानावर सोडले, असे म्हणणाऱ्याने ते पान उघडून दाखवावे आणि कारण द्यावे. रशियात शाळकरी मुलांना टॉलस्टॉयची 'युद्ध आणि शांती' नेमली जाते, आणि तिथल्या पिढ्यांनीही त्या पुस्तकावर कुरकुर केली आहे. जगभर हीच कहाणी आहे. जिथे त्या कुरकुरीला वर्गात जागा मिळते तिथे ती विचाराचे रूप घेते. जिथे ती दाबली जाते तिथे पुस्तकाविषयीचा कायमचा तिटकारा उरतो.

जुने पुस्तक सोसून वाचल्याने काय हाती लागते, याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात मिळाले आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले आणि त्यावरून महाराष्ट्रभर वाद पेटला. अखेर उद्घाटन केले ते कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे यांनी. त्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. शेतकऱ्यांच्या मागे राहिलेल्या बायकांना घेऊन उभ्या केलेल्या 'तेरवं' या नाटकात त्यांनी कामही केले आहे. साहित्याच्या सर्वांत मोठ्या मंडपात मधली जागा एका विधवेला मिळाली आणि तिने आपले म्हणणे स्वतःच्या आवाजात मांडले.

त्या दिवशी मंडपात पुष्कळांचे डोळे पाणावले. पण ज्याने यमूची शेकडो पाने वाचली आहेत त्याला आणखी काही दिसायला हवे होते. हरिभाऊंच्या काळात विधवेचे दुःख सांगायला पुरुष लेखकाला तिचा आवाज उसना घ्यावा लागला. आज ती स्वतः बोलते. केशवपन गेले. तरी सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठीचे हेलपाटे आहेत, सासरच्यांशी वाद आहेत, नवऱ्याची आत्महत्या मदतीसाठी 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवणारी समिती आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे बंद करण्याचा ठराव २०२२ साली करावा लागला. त्यानंतर राज्य सरकारनेही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. यमूची गोष्ट संपून तोवर जवळजवळ १३० वर्षे झाली होती. एखादी रूढी मरायला किती वेळ घेते आणि मरताना कोणकोणती रूपे बदलते, हे संथ पुस्तकच शिकवू शकते. बातमी वाचून हळहळणारा माणूस दुसऱ्या दिवशी ती विसरतो. यमूबरोबर कंटाळलेला माणूस त्या बातमीला मागचे शतक जोडून पाहतो.

कंटाळवाणे वाचण्याच्या या शक्तीचा संबंध फक्त साहित्याशी नाही. या जिल्ह्यात माणसाचे भवितव्य बऱ्याचदा कंटाळवाण्या कागदांवर ठरते. पीकविम्याच्या अटी, कर्जाचे करारपत्र, भूसंपादनाची नोटीस, २००६ च्या कायद्याखालचा वनहक्काचा दावा. यांतले काहीही रंजक नाही आणि रंजक नाही म्हणूनच ते न वाचता अंगठे उठतात, सह्या होतात. जो मुलगा नेमलेले जड पुस्तक शेवटपर्यंत वाचतो, कुठे अडलो ते ओळखतो आणि न समजलेल्या जागेवर बोट ठेवून प्रश्न विचारतो, तो उद्या तलाठ्यापुढे आणि बँकेतही तसाच बसेल. आपण त्याला गाइड वाचायची सवय लावली तर त्याच्या आयुष्याचे गाइडही दुसराच कुणी लिहील. मी साहित्याला व्यवहाराच्या दावणीला बांधत नाही. इतकेच म्हणतो की वाचनातला प्रामाणिकपणा एका विषयापुरता राहत नाही.

म्हणून काही गोष्टी ताबडतोब करता येतील. हरिभाऊंच्या मृत्यूला, १९१९ पासून मोजले तर, शंभराहून अधिक वर्षे झाली. त्यांच्या लेखनावर आता कुणाचा मालकी हक्क नाही. महाविद्यालयांनी कादंबरीचे हप्ते पाडून ते सुट्या पानांवर स्वस्तात छापावेत आणि जूनपासून दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्गात मोठ्याने वाचावेत, म्हणजे कापूस फुटायच्या आत बहुतेक पुस्तक वाचून होईल. वाचताना प्रत्येकाने एक वही ठेवावी आणि कुठे थांबावेसे वाटले, कुठे झोप आली, कुठे राग आला ते पानाच्या आकड्यासह टिपावे. बोलीत टिपले तरी चालेल. गोरमाटीत, कोलामीत टिपले तरी चालेल. त्या वहीला अंतर्गत गुणांत जागा असावी. सोबत ताराबाईंची पाने आणि फुल्यांचे पत्र द्यावे. आणि प्रश्नपत्रिकेतून 'वैशिष्ट्ये लिहा' काढून असा एक प्रश्न तरी घालावा: या कादंबरीचा तुम्हाला सर्वांत कंटाळवाणा वाटलेला भाग कोणता, तो तसा का वाटला आणि त्याशिवाय कादंबरी उभी राहिली असती का?

यावर शंका येईल की कंटाळ्याला गुण दिले तर प्रत्येकजण 'कंटाळा आला' एवढेच लिहून मोकळा होईल. तसे होणार नाही, कारण या प्रश्नाचे शेवटचे दोन भाग न वाचणाऱ्याला सुटत नाहीत. स्तुती न वाचता करता येते. कंटाळ्याचे कारण द्यायला मात्र पानावर यावे लागते. अभ्यास मंडळांवर आणि परीक्षा विभागांत बसणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे आजही करता येण्यासारखे आहे. त्यासाठी नवा निधी लागत नाही आणि कुठलेही पुस्तक वगळावे लागत नाही. जिने कादंबरी पूर्ण वाचून 'इथे मला कंटाळा आला' असे कारणासह लिहिले, तिचे उत्तर अपेक्षित मुद्द्यांशी जुळले नाही तरी ते सर्वांत चांगले उत्तर आहे, असे मानण्याची आपली तयारी हवी. ती तयारी झाली तर हरिभाऊंना यवतमाळमध्ये कदाचित कमी स्तुती मिळेल, पण वाचक मिळतील. आणि कोणत्याही लेखकाचे ऋण फेडायचे तर ते वाचूनच फेडता येते.